धुराड्याचा आवाज : वेगवान बोटींची इंजिने आणि ती सांभाळणारे हात

१/
वेगवान मोटरबोटींचा इतिहास बहुधा सुकाणूवर बसलेल्यांच्या नावाने सांगितला जातो : गार वुड, सर हेन्री सीग्रेव्ह, जॉन केनेडी. या प्रत्येकाच्या शेजारी किंवा पायाखाली, इंजिनाच्या धगीत, दुसरा कोणीतरी माणूस होता. बोट किती धावणार, किती गरजणार आणि पेट घेणार की सुखरूप परतणार, हे पुष्कळदा त्याच्या पान्यावर अवलंबून असे. हा धागा त्या इंजिनांचा, त्यांच्या धुराड्यांचा आणि त्या माणसांचा.

२/
आरंभ पाण्यावर नव्हे, वॉशिंग्टनमधील एका हॉटेलात होतो. मे १९१७ मध्ये, अमेरिका महायुद्धात उतरल्यानंतर काही आठवड्यांतच, पॅकार्ड कंपनीचे जेसी व्हिन्सेंट आणि हॉल-स्कॉट कंपनीचे एल्बर्ट हॉल यांना विलर्ड हॉटेलात बसवून विमानाच्या इंजिनाचा आराखडा करण्यास सांगण्यात आले. काही दिवसांत जो आराखडा तयार झाला तो ‘लिबर्टी’ इंजिनाचा : १२ सिलिंडर, सुमारे २७ लिटर क्षमता आणि ४०० अश्वशक्ती.

३/
मोटारींच्या कारखान्यांनी हे इंजिन घाऊक प्रमाणात बनवले. एकूण संख्या २० हजारांवर गेली. पण नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध संपले आणि असंख्य इंजिने वापराविना पडून राहिली. सरकारला ती नकोशी झाली होती. ज्या यंत्रासाठी राष्ट्राने तिजोरी रिती केली होती, तेच आता भंगाराच्या भावात मिळू लागले. वेगवान बोटींच्या जगाला आपले हृदय असे लिलावात सापडले.

४/
मात्र विमानाचे इंजिन उचलून बोटीत ठेवले की काम संपत नाही. विमानात समोरून येणारा थंड वारा रेडिएटरमधील पाणी निववतो. बोटीत त्यासाठी नदीचे किंवा समुद्राचे पाणी पंपाने खेळवावे लागते. खारे पाणी धातू खाते. विमानाला मागे जावे लागत नाही, बोटीला धक्क्याला लागताना जावे लागते. म्हणून उलट्या दिशेचा गिअर हवा. शिवाय विमानाचे इंजिन उड्डाणानंतर बराच वेळ कमी जोरावर चालते. शर्यतीची बोट मात्र त्याला सतत पूर्ण ताणावर धरते.

५/
सर्वांत बिकट प्रश्न धुराचा. विमानात जळका वायू आखूड नळ्यांतून थेट वाऱ्यावर सोडता येतो. बोटीत इंजिन लाकडी बंदिस्त खोलीत असते. तेथे लाल तापलेली नळी आणि पेट्रोलची वाफ एकत्र आली की अनर्थ ठरलेला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीची वाट पाहते. म्हणून धुराच्या नळीभोवती पाण्याचे आवरण देण्याची, किंवा त्या नळीतच पाणी सोडून वायू थंड करण्याची पद्धत रूढ झाली.

६/
या पद्धतीचा दुसरा लाभ असा की नळीत पाणी सोडले की वायू आकुंचन पावतो आणि आवाजही दबतो. धोकाही त्यातूनच येतो. नळीचा उतार चुकला, किंवा इंजिन बंद असताना मागून लाट आली, तर पाणी उलटे सिलिंडरमध्ये शिरते. पाणी दाबले जात नाही. अशा इंजिनाला चालू करण्याचा प्रयत्न केला की दट्ट्याचा दांडा वाकतो किंवा मोडतो. त्यामुळे बोटीचे धुराडे जोडणे हे नळकाम राहत नाही. इंजिनाचे आयुष्य त्या उतारावर ठरते.

७/
ही विद्या शर्यतीच्या पाण्यात ज्याने पुढे नेली तो गारफील्ड वुड, म्हणजे ‘गार’ वुड (१८८०–१९७१). त्याचे वडील तळ्यावर नाव चालवत. मालमोटारीचा हौदा हायड्रॉलिक दाबाने उचलण्याच्या यंत्रावर वुडने संपत्ती मिळवली आणि ती बोटींत ओतली. मिशिगनमधील अल्गोनॅक येथे क्रिस स्मिथ बोटी बांधत असत; पुढे प्रसिद्ध झालेल्या क्रिस-क्राफ्टचे ते संस्थापक. १९२० मध्ये दोन लिबर्टी इंजिने बसवलेली ‘मिस अमेरिका’ घेऊन वुड इंग्लंडला गेला आणि आइल ऑफ वाइटजवळच्या शर्यतीत त्याने हार्म्सवर्थ करंडक जिंकला.

८/
वुडच्या शेजारी बसणाऱ्या माणसाचे नाव ऑर्लिन जॉन्सन. तो त्याचा मेकॅनिक. शर्यतीत त्याची नजर पाण्यापेक्षा तेलाच्या दाबाच्या काट्यावर आणि कान इंजिनाच्या सुरावर असत. बारा सिलिंडरांच्या गर्जनेत एखादा सिलिंडर ‘चुकतो’ आहे हे ओळखणे हे त्याचे कौशल्य. वर्तमानपत्रांत छायाचित्र वुडचे येई. बोट दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरे ती जॉन्सनसारख्यांच्या रात्रपाळीमुळे.

९/
याच सुमारास हीच इंजिने एका वेगळ्या धंद्यात शिरली. जानेवारी १९२० पासून अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. किनाऱ्यापासून दूर, कायद्याच्या हद्दीबाहेर, दारूने भरलेली जहाजे नांगर टाकून उभी राहत. त्या रांगेला ‘रम रो’ म्हणत. तेथून पेट्या रात्रीच्या अंधारात किनाऱ्यावर आणण्यासाठी वेगवान बोटी हव्या होत्या. स्वस्तात मिळणारे लिबर्टी इंजिन या कामासाठी जणू घडवलेले होते.

१०/
तटरक्षक दलाने १९२४-२५ मध्ये ७५ फुटी अशा २०३ गस्ती नौका बांधून घेतल्या. त्या मजबूत होत्या, समुद्रात तग धरत, पण त्यांचा वेग ताशी १५ नॉटच्या आसपास. तस्करांच्या बोटी याच्या दुपटीने धावत. त्यामुळे पाठलाग करून बोट पकडणे दुर्मीळ. तस्कर सापडे तो बहुधा आवाजामुळे : शांत खाडीत ४०० अश्वशक्तीच्या इंजिनाची गर्जना मैलोन्‌मैल ऐकू जाई.

११/
येथून धुराड्याचा खरा इतिहास सुरू होतो. तस्करांच्या मेकॅनिकांनी धुराची नळी पाण्याखाली नेली. पाण्याखाली सुटणारा वायू बुडबुडे होऊन विरतो, आवाज पाण्यात मुरतो. पण याची किंमत मोजावी लागते. वायूला बाहेर पडण्यासाठी पाण्याचा दाब ढकलावा लागतो. हा उलटा दाब सिलिंडरमध्ये जळका वायू अडकवून ठेवतो, ताज्या मिश्रणाला जागा उरत नाही, शक्ती घटते आणि व्हॉल्व्ह तापतात. शांतता आणि वेग ही दोन्ही एकाच वेळी पूर्ण मिळत नाहीत.

१२/
या खेळात माणसे मरत होती. २९ डिसेंबर १९२९ च्या पहाटे, न्यूपोर्टजवळ, धुक्यात, ‘ब्लॅक डक’ नावाची तस्कर बोट तटरक्षक दलाच्या सीजी-२९० या नौकेसमोर आली. थांबण्याचा इशारा झाला, मशीनगन चालली आणि बोटीवरील तीन जण ठार झाले. बोस्टनमध्ये त्यावरून संतप्त निदर्शने झाली. वेगवान इंजिनाने माणसाला कायद्यापेक्षा पुढे नेले. गोळीपेक्षा पुढे नेता आले नाही.

१३/
शर्यतीचे पाणीही निर्दोष नव्हते. १३ जून १९३० रोजी इंग्लंडमधील विंडरमिअर सरोवरावर सर हेन्री सीग्रेव्ह यांनी ‘मिस इंग्लंड-२’ ताशी ९८.७६ मैल वेगाने नेऊन विक्रम केला. बोटीत रोल्स-रॉइसची दोन ‘आर’ इंजिने होती. पुढच्याच फेरीत बोट उलटली. सीग्रेव्ह त्याच दिवशी वारले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्यासोबत रोल्स-रॉइसचे अभियंते व्हिक्टर हॅलिवेल हेही मृत्यू पावले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

१४/
वुडचे उत्तर होते ‘मिस अमेरिका-१०’. लांबी ३८ फूट, बारा सिलिंडरांची चार पॅकार्ड इंजिने, एकूण सुमारे ६,४०० अश्वशक्ती. सप्टेंबर १९३२ मध्ये सेंट क्लेअर नदीवर तिने ताशी १२४.८६ मैल, म्हणजे सुमारे २०१ किलोमीटर, वेग गाठला. लिबर्टीचा काळ संपला होता. पॅकार्डचे अडीच हजार घन इंचांचे इंजिन हेही मुळात विमानासाठीच जन्मलेले. पण त्याची कसोटी आता पाण्यावर लागली होती.

१५/
अटलांटिकच्या पलीकडे हेच काम एक अनपेक्षित माणूस करत होता. फेब्रुवारी १९३१ मध्ये प्लिमथजवळ ब्रिटिश हवाई दलाचे एक समुद्री विमान कोसळले. माउंट बॅटन तळावर ‘एअरक्राफ्टमन शॉ’ या नावाने साधी नोकरी करणारा एक शिपाई ते पाहत होता : टी. ई. लॉरेन्स, ‘अरबस्तानचा लॉरेन्स’. बचावासाठी असलेल्या बोटी संथ होत्या. वेगवान बोटी हव्यात या आग्रहाने तो ह्यूबर्ट स्कॉट-पेन यांच्या साउदॅम्प्टनजवळील हाइथ येथील कारखान्याशी जोडला गेला.

१६/
तेथे बनलेल्या ‘२०० वर्गा’च्या बोटींत प्रत्येकी १०० अश्वशक्तीची दोन मेडोज इंजिने होती. लॉरेन्सने त्या चालवून पाहिल्या, त्यांचे दोष नोंदवले आणि १९३२ मध्ये त्या कशा हाताळाव्यात याची पुस्तिका लिहिली. वाळवंटातील युद्धावर महाग्रंथ लिहिणाऱ्या लेखणीने इंजिनाची निगा राखण्यावरही तितक्याच गांभीर्याने लिहावे, यात त्याला कोणताही कमीपणा वाटला नाही. चांगली पुस्तिका लिहिली तर कोणाचा तरी जीव वाचतो, हे त्याने प्रत्यक्ष पाहिले होते.

१७/
स्कॉट-पेन यांनी १९३३ मध्ये नेपिअर लायन इंजिनाची ‘मिस ब्रिटन-३’ घेऊन अमेरिकेत वुडला आव्हान दिले. चार इंजिनांसमोर एक इंजिन. ते हरले, पण थोडक्यात. याच स्कॉट-पेन यांची ७० फुटी टॉर्पेडो बोट सप्टेंबर १९३९ मध्ये, युरोपात युद्ध पेटत असताना, जहाजातून अमेरिकेत पोहोचली. एल्को कंपनीने तिच्या आधारे अमेरिकी नौदलासाठी बोटी बांधायला घेतल्या. पुढे जगभर ‘पीटी बोट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या नौकांच्या एल्को शाखेची ही जननी.

१८/
येथे एक रूढ गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पीटी बोटींत ‘पॅकार्डने बनवलेले मर्लिन’ इंजिन होते असे अनेकदा लिहिले जाते. ते चूक आहे. पॅकार्डने रोल्स-रॉइस मर्लिन बनवले हे खरे. पण ते विमानांसाठी. पीटी बोटींतील ‘४एम-२५००’ हे पॅकार्डचे स्वतःचे इंजिन होते आणि त्याचा वंश वुडच्या बोटींतील इंजिनांशी मिळतो. मर्लिनचा प्रत्येक नग लढाऊ विमानांना हवा होता. बोटींच्या वाट्याला तो येणे शक्य नव्हते.

१९/
ब्रिटनची अडचण आणखी विलक्षण होती. व्हॉस्पर कंपनीच्या टॉर्पेडो बोटी इटलीच्या इसोटा फ्रास्किनी इंजिनांवर चालत. जून १९४० मध्ये इटली शत्रूपक्षात गेली आणि पुरवठा एका दिवसात तुटला. तात्पुरती कमी शक्तीची इंजिने बसवावी लागली, बोटी मंदावल्या. अखेर अमेरिकेची पॅकार्ड इंजिने आली तेव्हा वेग परतला. परक्या देशाच्या इंजिनावर आपला बचाव उभारणे म्हणजे काय, याचा हा धडा होता.

२०/
एल्कोच्या ८० फुटी पीटी बोटीत अशी तीन इंजिने असत. आरंभी प्रत्येकी १,२०० अश्वशक्ती, पुढील आवृत्त्यांत १,५०० पर्यंत. इंधन विमानाचे १०० ऑक्टेन पेट्रोल, सुमारे ११ हजार लिटर. पूर्ण वेगात ते साधारण सहा तासांत संपे. आणि हा साठा महोगनीच्या फळ्यांच्या आत. बोटीला पोलादी कवच नव्हते. तिचे संरक्षण दोनच गोष्टींत होते : वेगात आणि अंधारात.

२१/
अंधार उपयोगी पडावा म्हणून शांतता हवी. पीटी बोटीच्या मागच्या फळीवर धुराच्या नळ्यांना सायलेन्सर जोडलेले असत आणि त्यांत फिरत्या झडपा असत. झडपा मिटल्या की वायू सायलेन्सरमार्गे पाण्याखाली जाई आणि बोट संथपणे, दबक्या घुरघुरीत किनाऱ्याजवळ सरके. वेग वाढवायचा तर आधी झडपा उघडाव्या लागत. नाहीतर उलटा दाब इंजिनालाच घातक ठरे. दारूतस्करांच्या तोडग्यावर आता सरकारी शिक्का बसला होता.

२२/
सॉलोमन बेटे आणि न्यू गिनी येथील तळांवर ही इंजिने जिवंत ठेवणाऱ्यांना ‘मोटर मॅक’ म्हणत. पेट्रोल पिंपांतून येई, त्यात पाणी आणि गंज मिसळलेला असे. ते मऊ चामड्यातून हाताने गाळून टाक्यांत भरावे लागे. दमट हवेत मॅग्नेटोमध्ये ओल शिरे. सव्वा टनाहून जड इंजिन निकामी झाले तर ते अख्खे उचलून दुसरे बसवायचे आणि तेही बहुधा उघड्या आकाशाखाली. रात्री गस्त, दिवसा दुरुस्ती. झोपेसाठी वेळ उरे तो थोडकाच.

२३/
१ ऑगस्ट १९४३ च्या रात्री लेफ्टनंट जॉन केनेडी यांची पीटी-१०९ ब्लॅकेट सामुद्रधुनीत गस्तीवर निघाली. मध्यरात्रीनंतर, २ ऑगस्टला, ती एकाच इंजिनावर मंद चालत होती. पंख्याने घुसळलेले पाणी त्या समुद्रात चमकते आणि शत्रूच्या विमानांना दिसते. म्हणून ही सावधगिरी. अंधारातून जपानी विनाशिका ‘अमागिरी’ वेगाने आली. बोट वळवण्यासाठी हवी ती शक्ती त्या क्षणी हाताशी नव्हती. विनाशिकेने बोट चिरली आणि पेट्रोल पेटले.

२४/
त्या वेळी इंजिनखोलीत पॅट्रिक मॅकमॅहन हा मोटर मॅक होता. ज्वाळांनी होरपळलेला तो पाण्याखाली ओढला गेला आणि वर आला तो जळत्या पेट्रोलमध्ये. तेरांपैकी दोघे, हॅरल्ड मार्नी आणि अँड्र्यू कर्क्सी, कायमचे गेले. केनेडींनी मॅकमॅहनच्या जीवरक्षक जाकिटाचा पट्टा दातांत धरून त्याला कित्येक तास पोहत बेटावर नेले. ही कथा अध्यक्षाच्या शौर्याची म्हणून जगभर गेली. तिच्यातील दुसरा माणूस शांतता आणि वेग यांच्या त्या सौद्याची किंमत आपल्या कातडीवर घेऊन जगला.

२५/
जर्मन नौदलाने वेगळा मार्ग धरला होता. त्याच्या एस-बोटी डेमलर-बेंझच्या २० सिलिंडरी डिझेल इंजिनांवर चालत. डिझेल इंजिन जड, बनवायला कठीण आणि महाग; पण डिझेलची वाफ पेट्रोलसारखी सहज भडकत नाही. गोळी लागलेली बोट परतण्याची शक्यता त्यामुळे वाढे. युद्धानंतर बहुतेक नौदलांनी हाच धडा घेतला आणि वेगवान युद्धनौकांतून पेट्रोल हळूहळू हद्दपार झाले.

२६/
१९४५ च्या अखेरीस फिलिपिन्समधील सामार बेटावर शंभराहून अधिक पीटी बोटींतील उपयुक्त सामान काढून घेण्यात आले आणि लाकडी सांगाडे किनाऱ्यावर जाळण्यात आले. १९१८ चा प्रसंग पुन्हा घडला : विमानांची इंजिने स्वस्त झाली. २६ जून १९५० रोजी सिॲटलच्या लेक वॉशिंग्टनवर ‘स्लो-मो-शन-४’ या बोटीने ताशी १६०.३२३ मैलांचा विक्रम केला. तिच्यात लढाऊ विमानाचे ॲलिसन इंजिन होते. युद्धाची उरलेली यंत्रे पुन्हा शर्यतीत परतली होती.

२७/
या वंशाची एक शाखा मुंबईपर्यंत येते. १९७१ च्या आरंभी भारताला सोव्हिएत ‘ओसा’ वर्गाच्या क्षेपणास्त्र नौका मिळाल्या. प्रत्येकीत एम-५०३ जातीची तीन डिझेल इंजिने. एकेका इंजिनात तारकेसारखे मांडलेले ४२ सिलिंडर आणि सुमारे ४,००० अश्वशक्ती. मुंबईत त्या उतरवण्याजोगी अवजड क्रेन नव्हती, म्हणून त्या कोलकात्यात उतरवून ओढत मुंबईला आणाव्या लागल्या. इतक्या दाटीने रचलेल्या इंजिनाच्या आतल्या भागापर्यंत हात पोहोचवणे हीच एक परीक्षा असते.

२८/
या नौका किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या. त्यांचा पल्ला बेताचा होता. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर हल्ला करताना मोठ्या जहाजांनी त्यांना काही अंतर ओढत नेले, म्हणजे इंधन वाचले आणि इंजिनांचे तासही वाचले. ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन नौकांनी क्षेपणास्त्रे डागली आणि भारतीय बाजूची एकही नौका न गमावता त्या परतल्या. तो दिवस आज नौदल दिन म्हणून पाळला जातो.

२९/
विलर्ड हॉटेलातील आराखड्यापासून कराचीच्या किनाऱ्यापर्यंत एक सूत्र सलग दिसते. इंजिनाची शक्ती वाढवणे हे तुलनेने सोपे ठरले. त्या शक्तीची उष्णता, धूर आणि आवाज यांची विल्हेवाट लावणे कठीण ठरले, आणि अनेक जीव याच कठीण भागात गेले. धुराच्या नळीतील एक झडप उघडी की मिटलेली, यावर कधी शर्यत ठरली, कधी अटक, कधी मृत्यू.

३०/
संग्रहालयात जपलेल्या अशा बोटीपुढे उभे राहिले की नजर प्रथम तिच्या निमुळत्या बांध्यावर आणि सुकाणूवर जाते. ती मागच्या बाजूला, काजळी धरलेल्या नळ्यांच्या तोंडाकडेही वळावी. विक्रमांच्या फलकांवर न आलेल्या ऑर्लिन जॉन्सन, व्हिक्टर हॅलिवेल आणि पॅट्रिक मॅकमॅहन यांच्या श्रमांची खूण तेथे उरलेली असते.